तेविसावा वाटा

दुरुस्तीचा आकडा चार हजार दोनशे ऐंशी रुपये होता. तो अजून पाठ आहे आणि त्या प्रकरणातलं बाकीचंही मला विसरता आलेलं नाही. साल १९८२, शिमगा उलटून आठवडा झालेला. उमरठच्या रस्त्यावर एका मोरीपाशी आम्ही चौघे उभे होतो. पोलादपूर ठाण्याचा फौजदार म्हणून मी, माझा हवालदार, विमा कंपनीने महाडहून पाठवलेला सर्व्हेअर आणि कपाळावर चार टाके पडलेला मोटारवाला.

मोटारवाला महाडचा. एकच जुनी मोटार, तिच्या भाड्यावर त्याचं घर चाले. दोन दिवसांपूर्वी दिवेलागणीला रानडुक्कर आडवं आलं, त्याला धडकून मोटार मोरीच्या कठड्यावर गेली, असं त्याचं म्हणणं. टाके घालून घेऊन तो पोलादपूरहून परत येईपर्यंत डुक्कर गायब झालं होतं आणि बंपर पुसलेला होता.

त्या काळी बहुतेक जण कायद्यापुरताच विमा उतरवत. त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नसे. याने जादा हप्ता भरून पूर्ण विमा घेतला होता, त्यात जनावराची धडकही बसत होती. सर्व्हेअरला मात्र ते पटेना.

"डुक्कर कुठाय? रक्त नाही, केस नाही. पिऊन कठड्यावर घातलीय गाडी."

"साहेब, मी चहासुद्धा बेताचा पितो," मोटारवाला मला म्हणाला.

दवाखान्याच्या कागदावर नशेबद्दल होय किंवा नाही, काहीच लिहिलेलं नव्हतं. नशा ठरली असती तर विमा बुडाला असता, वर खोट्या दाव्याचा गुन्हा, आणि मोटार कायमची दारात उभी.

मोरीच्या वर बावीस घरांची वाडी. तिथल्या सहा जणांचे जबाब घेतले. सगळ्यांचं एकच.

"डुकर नाय बघितला, साहेब. मोटार तेवढी झिंगत आली."

'झिंगत' हा शब्द सहाही जणांनी वापरला. एका गोष्टीची सहा माणसं सहा तऱ्हेने सांगतात. सहाही जण एकच शब्द बोलले, तर तो आधी बसून ठरवलेला असतो. पण संशय पंचनाम्यात लिहिता येत नाही.

वाडीच्या टोकाच्या घरात एक म्हातारी एकटी राहत होती. नवरा वारलेला, मुलगा मुंबईला, त्याचं येणं थांबलेलं. मी पाणी मागितलं. तिने गूळ घालून कोरा चहा ठेवला.

"बस रे बाबा. पोलीस असलास म्हणून काय झाला? माझ्याकडं कोण येतो?"

माझं बिऱ्हाड साताऱ्याला होतं. पोलादपुरात मी, खाणावळीचा डबा आणि ठाण्याची डायरी. मी कामापेक्षा जास्त वेळ बसलो. जीप तिच्या दारात अर्धा तास उभी होती.

"वाडीतली माणसं येत असतील की, आजी."

"चूल पेटवाया इस्तव मागाया पण कोण येत नाय. पण वाटा येतो हो. परवा डुकराचा आला, माझा कधी चुकत नाय. बावीस घरांचे बावीस आणि मोटारवाल्याचा एक."

"मोटारवाल्याचा?"

"ज्याच्या हातून पडला त्याची मागची तंगडी. ती कशी खातील? टांगलीय चुलीवर."

वाडीच्या म्होरक्याच्या चुलीवर ती तंगडी धुरात टांगलेली मिळाली, केसांसकट. शिकारीचं मांस घरात सापडलं तर वनखातं पकडेल, म्हणून वाडीने डुक्कर नाकारलं. पण मारणाऱ्याचा वाटा खायची कोणाची छाती झाली नाही. दोन पंचांसमक्ष जप्ती झाली. झिंगण्याची गोष्ट म्होरक्याने तिथेच सोडून दिली. सर्व्हेअरने चष्मा काढून तंगडी पाहिली आणि कागदावर 'धडक मान्य' लिहिलं.

मोटारवाला हसला. "वाटा राखलानीत माझा, आणि जबाब माझ्यावरच?"

म्होरक्या मान खाली घालून म्हणाला, "वाटा वायला, आणि जबाब वायला."

म्हातारीचं नाव मी कागदावर आणलं नाही. 'खात्रीलायक बातमीवरून' असं लिहिलं आणि तिला सांभाळलं असं समजलो.

वनखात्याने वाडीला एक हजार पन्नास रुपये दंड केला. म्होरक्या ठाण्यात येऊन मला पैसे भरल्याचं सांगून गेला. एकवीस घरांचे पन्नास-पन्नास. मी म्हटलं, घरं तर बावीस आहेत.

"म्हातारीचा नाय घेतला, साहेब."

मला ती दया वाटली. तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. तो नमस्कार करून निघाला.

पुढच्या शिमग्यानंतर त्या रस्त्याने जाताना मी तिच्याकडे थांबलो. गूळ संपला होता, तिने बिनगुळाचा चहा दिला.

"गावदेवीचा बकरा पडला काल," ती म्हणाली. "वाटा नाय आला. इसारली असतील. माणसं इसारतात."

तेव्हा मला दंडाचा हिशोब कळला. माझी जीप तिच्या दारात उभी असलेली वाडीने पाहिली होती, आणि दंडातून वगळलेलं घर वाट्यातूनही वगळलं होतं.

एकटं माणूस विचारणाऱ्याला सगळं सांगतं, हे पोलिसाला लवकर उमगतं. त्याची किंमत कोण भरतो, हे मला त्या चहावर उमगलं. म्होरक्याला जाऊन सांगितलं, चूक माझी आहे. तो म्हणाला, "तुमची बदली हुईल, साहेब. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय." वर्षभरात बदली झालीही.

कंपनीने जुन्या भागांचे सहाशे चाळीस कापून मोटारवाल्याला तीन हजार सहाशे चाळीस रुपये दिले. वनखात्याला एक हजार पन्नास मिळाले. गावदेवीच्या बकऱ्याचे वाटे एकवीस झाले, ते एकवीस घरांत गेले.