बारदानासकट वजन

अडत दुकानात दोन गोष्टी झाडून संपत नाहीत: धूळ आणि किस्से. चिखलीतल्या माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये दर महिन्याला आरोग्य शिबिर भरायला लागलं, तेव्हापासून तर धूळ मागे पडली!

आरोग्यसेविका रेखाताई टॅबवर नोंदी करतात, मी नावं पुकारतो. तीन महिने झाले, त्यांना घोर आहे तो नऊ महिन्यांच्या परीचा. पोर डोळ्यांना वाळताना दिसते, कागदावर मात्र वाढते! बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या म्हटलं, की तिची आजी टॅबकडे बोट दाखवते. "वजन वाढून राह्यलं ना? मंग काऊन न्यायचं?"

*

टॅबला प्रत्येकाचा मोबाइल नंबर लागतोच. ज्यांच्याकडे फोन नव्हता, त्यांनी माझा देऊन टाकला. एका सकाळी बायकोनं माझ्या फोनवरचा मेसेज वाचला. "अभिनंदन! आपल्याला सातवा महिना लागला आहे."

ती शांतपणे म्हणाली, "अहो, आता तरी पोती उचलू नका!"

*

आजारांची यादी टॅबमध्ये ठरलेली. गणपतराव म्हणाले, "अंगात कसंकसंच होते." हे यादीत कुठून असणार? ताईंनी 'इतर' दाबलं. मग ज्याच्या-त्याच्या नावापुढे 'इतर'च. वरून पत्र आलं: आपल्या भागात 'इतर'ची साथ का पसरली, खुलासा करावा!

ताईंनी डोकं धरलं. "शेठ, आता मले बी इतर झालं!"

*

एकदा ताई रजेवर होत्या, बदली बाई आल्या. बीपीच्या मशीनचे सेल गेले. रकाना रिकामा सोडला तर टॅब पुढे सरकेना. बाईंनी सगळ्या यादीला एकशेवीस-ऐंशी भरून टाकलं.

मी सातवीपर्यंत शिकलेला. पण सगळ्या पोत्यांची ओल सारखीच निघाली, की पोत्यात कुणी हातच घातला नाही, एवढं मला कळतं.

"बाई, यात सखारामकाका कसे?"

"काऊन? नॉर्मल हायेत की."

"असणारच. तेरवी झाली त्यांची!"

*

परवा बाळांचा वजनकाटा बिघडला. माझे मापारी किसनभाऊ, उभी हयात धान्य मोजण्यात गेलेली, दुकानातला काटा घेऊन आले. परीला वर ठेवलं. ताई आकडा टिपणार, तेवढ्यात किसनभाऊ कडाडले, "थांबा! बारदान काढा आधी. पोत्यासकट माल मी मोजत नसतो!"

आजी उसळली. "थंडीत लेकराले उघडं करतं का बे?"

पण परीची आईच पुढे झाली. स्वेटर, त्याच्या आत दुसरा स्वेटर, कानटोपी, दुपटं, वाळे, सगळं उतरवलं. पोर पुन्हा काट्यावर. आकडा बघून ताईंनी चष्मा पुसला, परत बघितला.

मग किसनभाऊंनी नुसता कपड्यांचा ढीग काट्यावर ठेवला आणि बाजारात पुकारतात तसं पुकारलं, "नऊशे ग्रॅम!"

आजी ढिगाकडे बघत राहिली. "मंग तीन महिन्यांपासून वाढून काय राह्यलं होतं?"

"थंडी, आजी," ताई म्हणाल्या.

आजीनं परीला तशीच उचलून पदरात गुंडाळलं.

"बुलढाण्याची गाडी किती वाजता हाय?"