मायच्या तेर्साला उत्तर देणारा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचतो ते मुख्यतः हसायला. आमच्या भागात दर वळणाला एक देवचार सांगतात. त्या सगळ्या वळणांवरून मी आयुष्यभर बाइक हाणली, एकानेही लिफ्ट मागितली नाही. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

मालवणहून आचऱ्याकडे जाताना समुद्राच्या बाजूला एक पाणंद उतरते, तिच्या टोकाला आमचं घर. घरात दोघंच — मी, इनास, वय अडतीस, आणि माझी माय. तिला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. त्यात माझं कस्टमर सपोर्टचं चॅटचं काम, घरूनच. सलग झोप म्हणजे काय ते मी विसरून गेलो होतो.

बोलायला कुणी नव्हतं म्हणून मी टुल्पा करायला लागलो. टुल्पा म्हणजे भूत नव्हे. मनात एक माणूस घडवायचा — रोज तासभर बसून त्याचा चेहरा, आवाज, सवयी ठरवायच्या, त्याच्याशी बोलत राहायचं. काही महिन्यांनी तो आपल्याला न विचारता उत्तरं द्यायला लागतो. एका इंग्रजी फोरमवर कुठकुठचे लोक हे करतात. माझ्याचं नाव मी लुईस ठेवलं. पन्नाशीचा, घोगऱ्या आवाजाचा, जरा खवचट. मला आवडायचा तो.

फोरमवरची जुनी मंडळी एक गोष्ट बजावून सांगत — झोप पुरी होत नसेल तर सराव बंद ठेवा. माझ्या बाबतीत जागरणाने आधी लुईस पुसट झाला. डोळे जमवले की नाक हरवायचं. मग एका आठवड्यात, चार दिवसांत मिळून जेमतेम आठ तास झोपलो असेन, तो न बोलावता आला. आवाज डोक्यात नाही... डाव्या कानाशी. आणि मी खूश झालो! काय म्हणावं या डोक्याला.

आम्हा ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स म्हणतात. माळेच्या एकेका मण्याला प्रार्थना, आणि प्रार्थनेचे दोन भाग — पहिला भाग घरातलं मोठं माणूस म्हणतं, दुसरा बाकीच्यांनी उत्तरासारखा म्हणायचा. मायला साधं ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, पण तेर्स मात्र घडाघडा यायचा. डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं कधीकधी शिल्लक राहतं. अडचण एवढीच, की उत्तर आलं नाही तर ती तिथेच थांबायची आणि रडायला लागायची. मला तर दहाव्या मण्यालाच डुलकी. एका संध्याकाळी वैतागून मी मनात म्हटलं, लुईस, आज तू दे रे उत्तर. आणि तिच्या खाटेवर डोकं टेकून झोपलो.

जाग आली तेव्हा तेर्स संपला होता. माय शांत पडली होती. दारात शेजारची शेवंताकाकी उभी. मासे विकून परतताना ती रोज आमच्या पायरीवर टेकते, आणि प्रार्थना चालू असली तर संपेपर्यंत बाहेरच थांबते.

“काय रे इनास, आवाज बसलो काय तुझो? घोगरो लागत होतो.”

“सर्दी झाली गो काकी,” मी म्हणालो.

तिथे थांबायला हवं होतं. नाही थांबलो. झोपेत मीच पुटपुटत असेन, अशी स्वतःची समजूत घातली. दिवसभरात तेवढीच काय ती अर्धा तास गाढ झोप मिळायची हो! तीन आठवडे मी मायचा तेर्स त्याच्यावर टाकून झोपत राहिलो. आजही हे लिहिताना लाज वाटते.

मग ती संध्याकाळ. काकीने मला गदागदा हलवून उठवलं. बाहेर अजून उजेड होता. मायचा हात अजून कोमट होता, पण माय नव्हती.

“किती केलंस रे तू तिच्यासाठी,” काकी रडत म्हणाली. “ती मदीच गप झाली, तरी तू थांबलंस नाय. दोन्ही भाग एकट्यान म्हटलंस. मगे गेलेल्यांची नावां घेतलंस. त्या पाळण्यातल्या रोझीचा सुद्धा. आणि शेवटाक मायचा नाव घेतलंस... तेवा माका समाजला. धावत इलंय तर तू दमान थयंच झोपलेलंस.”

तेर्साच्या शेवटी घरातल्या मेलेल्यांची नावं घेतात. मायची यादी लांबलचक. मला त्यातली पप्पा आणि आजा-आजी एवढीच येतात. रोझी कोण, हे मला माहीतच नव्हतं. मावशीने नंतर सांगितलं — माझ्या आधीची बहीण, बावीस दिवसांची गेलेली.

कणकवलीच्या एका डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, थकलेला मेंदू झोपेतही बोलतो, रोज कानावर पडलेली नावं कुठेतरी साठतात. पटतं. पण माय गेली, हे झोपलेल्या माणसाला कसं कळलं?

अंत्यविधीनंतर मी दोन दिवस मेल्यासारखा झोपलो. उठलो तेव्हा लुईस नव्हता. नंतर मी मुद्दाम तीन दिवस जागा राहिलो, चेहरा जमवला, हाका मारल्या... मला त्याला एकच विचारायचं होतं, शेवटी तिला त्रास झाला का. तो आला नाही.

काकीने गावभर सांगितलंय. चर्चबाहेर माणसं पाठीवर हात ठेवतात — “भाग्यवान तुझी माय, शेवटपर्यंत झील वांगडा होतो.” म्हणजे मुलगा शेवटपर्यंत सोबत होता. मी मान हलवतो. कारण यातलं मला काहीच समजावून सांगता येत नाही. माय मरत होती तेव्हा तिच्याजवळ कुणीतरी जागं होतं, आणि तो मी नव्हतो.