रविवारच्या मटणाला आक्का

मालनचे डोळे मिटतायत, पण कान अजून जागे आहेत. स्वयंपाकघरात निकिता कांदा-खोबरं भाजतेय आणि त्याचा वास मधल्या खोलीपर्यंत येतोय. बाहेर सोप्यात पुरुषमंडळी जेवून आडवी झालीयत. त्यातलं कुणीतरी घोरतंय. मालन भिंतीकडं तोंड करून पडलीय. सकाळच्या चहाशिवाय तिच्या पोटात काही नाही. पोट बिघडलंय असं सांगून ती पंगतीतून उठली, ते खोटं होतं.

गडहिंग्लजच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला हे घर आहे. तीन भाऊ, तिघांच्या चुली वेगळ्या, पण रविवारी दुपारी सगळे याच घरात एका पंगतीला बसतात. मटणाचं सुकं, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, ज्वारीची भाकरी आणि शेवटाला घनसाळ तांदळाचा वाफाळता भात. आक्का, म्हणजे मालनच्या सासूबाई, होत्या तोवर हे सगळं त्यांच्या हातचं असायचं. त्या गेल्यावर वर्षभर मालननं केलं. आज पहिल्यांदा तिच्या सुनेनं, निकितानं केलं. पहिलाच घास खाऊन थोरले दीर बापूसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "आक्काची चव! अगदी आक्काची चव उतरलीया पोरीच्या हाताला!" मालनचा नवरा संपत वाटी तोंडाला लावूनच म्हणाला, "व्हय की."

वर्षभर दर रविवारी हीच माणसं मालनच्या हातचं जेवली होती. "भाकरी वाढ" यापलीकडं कुणी काही बोललं नव्हतं.

आता संध्याकाळी निकिताचे आईवडील मिरजेहून येणार आहेत, लेकीच्या सासरी पहिल्यांदाच जेवायला. त्यांच्यासाठी निकितानं दुसरं भांडं चढवलंय. मदतीला ये म्हणून तिनं बोलावलं नाही, आणि मालनही गेली नाही.

मिक्सर सुरू होतो. त्याचा आवाज आणि घोरणं एकमेकांत मिसळतं, लांब जातं, मग दोन्ही एकदम थांबतं.

"ऊठ."

मालन कूस बदलते. उंबऱ्याजवळ पाटावर आक्का बसल्यायत, गुडघे वर घेऊन, नेहमीसारख्या. अंगावर हिरवं इरकल आहे. शेवटच्या दिवसांत त्यांच्या तोंडात दात राहिले नव्हते; आता सगळे आहेत, पांढरेशुभ्र.

"कशाला आलायसा?" मालन पडूनच विचारते. तिला भीती वाटत नाही. राग मात्र असा वर येतो, जणू काल रात्रीच भांडण अर्धवट राहिलं होतं.

"जेवायला. आज रविवार हाय न्हवं?"

"जेवणं झाली सगळ्यांची."

"तुझं कुठं झालंय?"

मालन उठून बसते. खोली तीच आहे, पण भिंतीतल्या कपाटाची दारं उघडी आहेत आणि आत कपड्यांच्या जागी चूल पेटलीय. आक्का पाट उचलून कपाटात शिरतात. मालन पाठोपाठ जाते. आत पाय टाकावा तर वर एसटी स्टँडाचं उंच पत्र्याचं छप्पर लागतं. खांबांवर फलाटांचे आकडे आहेत आणि गाड्या लागायच्या जागी ओळीनं ताटं मांडलीयत. एकाही ताटासमोर माणूस नाही. मधोमध चूल, चुलीवर भलंमोठं पातेलं, आणि त्यातून निकितानं आत्ता भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतोय.

"माझी चव आली म्हणं तिच्या हाताला," आक्का चुलीपुढं बसत म्हणतात.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माणूस मेलं म्हणून कान जात न्हाईत."

"तोंडबी गेलेलं दिसत न्हाई."

आक्का हसतात. ते हसू मालनला पाठ आहे. पाहुण्यांसमोर, आयाबायांसमोर, नवऱ्यासमोर, तिची काही चूक निघाली की हेच हसू यायचं.

"चोवीस वर्षं तुला माझ्या शेजारी बसवली," आक्का म्हणतात. "कांदं चिरून घेतलं, भाकरी थापून घेतल्या. भांड्याला हात लावू दिला काय? न्हाई. म्हणून मी जाईस्तवर घर माझं ऱ्हायलं. आणि तू? वरीसभर हातात पळी आली तर तीबी टिकवता आली न्हाई. कालची पोर. एका जेवणात तुझं घर घेतलं तिनं."

"भांडं घेतलंय. घर न्हाई."

"बाईला दुसरं काय असतंय?"

मालन आणखी चिडते. "मला तुमच्यासारखं राखत बसायचं न्हाई."

"मग उपाशी का पडलीस? पोट दुखतंय म्हणून?"

चुलीतलं लाकूड तडतडतं. मालन खाली बघते. पायाखाली स्टँडची फरशी नाही, शेणानं सारवलेली जमीन आहे, आणि तिच्या हातात हिरवा चुडा आहे. लग्नाचा. ती चटकन हात पदराखाली घेते, पण आक्कांनी पाहिलेलं असतंच.

"वळखलंस काय ह्यो दिवस?"

मालन ओळखते. समोरच्या ताटावर आता एक माणूस बसलाय. पांढरा सदरा, डोक्याला पटका, मांडी घालून अगदी ताठ. ते तिचे वडील आहेत, नेसरीचे दादा. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा लेकीच्या घरी जेवायला आले होते, तो हा दिवस. आणि त्या दिवशी आक्का सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "आज मालन करू दे. बापाला लेकीच्या हातचं खाऊ दे." मालननं जीव ओतून केलं होतं. चाखून बघितलं होतं, एकदा नाही, दोनदा. आणि ताटं वाढली तेव्हा रस्सा खारट जहर झाला होता. दिरांनी घास बाहेर काढले. बापूसाहेब उठून चूळ भरून आले. आक्का हसल्या आणि म्हणाल्या, "असूं दे पाव्हणं. शिकल. माहेरात कुणी शिकवलं नसंल."

दादा आत्ताही जेवतायत. घास घेतात, पाण्याचा घोट घेतात, पुन्हा घास. डोळ्यांत पाणी आलंय, पण चेहरा हलत नाही.

"दादा, उठा," मालन म्हणते. "खाऊ नका. दादा, ऐका माझं."

दादा वर बघतात आणि वाटी पुढं करतात. "आणि थोडा रस्सा वाढ, बाळ. चांगला झालाय."

त्या दिवशी ते अगदी असंच म्हणाले होते. पंगतीत ते एकटे जेवून उठले. त्यानंतर या घरी आले की म्हणायचे, आज माझा उपास आहे, चहा तेवढा दे. मरेपर्यंत त्यांनी लेकीच्या हातचं पुन्हा खाल्लं नाही, आणि का खात नाही हे एका शब्दानं बोलले नाहीत.

मालन वळते. तिचा आवाज फाटतो. "तुम्ही टाकलंसा न्हवं? मी भाकऱ्या काढाय गेले तवा. मीठ तुम्हीच टाकलंसा."

इतकी वर्षं हे तिच्या घशात अडकून होतं. आक्का अंथरुणाला खिळल्या, तिनं त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, तेव्हाही विचारता आलं नव्हतं.

"टाकलं," आक्का म्हणतात. आवाजात ना लाज, ना फुशारकी. "मूठभर टाकलं. मग?"

"माझ्या बापानं खाल्ला की वो त्यो रस्सा!"

"खाल्ला. त्येला कळलं हुतं. तुझ्यापरीस लवकर कळलं त्येला."

"का पर? काय केलं हुतं मी तुमचं?"

आक्का चुलीतलं लाकूड मागं ओढतात, पुन्हा पुढं सारतात. पहिल्यांदाच त्या मालनकडं बघत नाहीत. "लगीन हून आठ दिस झालं नव्हतं. संपत जेवाय बसला. मी भाकरी वाढली तर म्हणतो कसा, ही नगं, तिनं केलेली दे. माझा संपत. माझ्या हातातनं घास घेतल्याबिगार जो झोपायचा न्हाई."

"एका भाकरीपायी?"

"आज तू कशापायी उपाशी हाईस?"

मालन त्यांच्या अंगावर धावून जाते. दोघींच्या मध्ये पातेलं आहे, आणि आता ते चुलीवर नाही, निकिताच्या गॅसवर आहे. ओटा आहे, खिडकीत स्टीलचे पेले आहेत, कॅलेंडर आहे. निकिता नाही. रस्सा रटरटतोय. वर तेलाचा लालभडक तवंग आलाय. कुणी केलंय हे माहीत असूनही भूक लागावी, इतका देखणा.

"तिचं आईबाप यायला लागल्यात," आक्का अगदी कानाशी बोलतात. त्यांच्या तोंडाला कसलाच वास नाही. "पोर मागच्या दारी गेलीया, कोथिंबीर आणाय. तेवढा येळ पुरं हुतोय. घे."

त्या मालनचा हात धरतात. पकड जिवंत माणसाची आहे, भाकरी थापून घट्ट झालेली. मालनची बोटं उघडून त्या तळहातावर मीठ ओततात, जाडं, ओलसर मीठ, आणि एकेक बोट मिटवून देतात.

"मी न्हाई टाकणार."

"टाकशील. आज न्हाई तर म्होरल्या रविवारी. तू घरात हाईस, भांडं तिच्या हातात हाय, आणि समदी तिचं नाव घ्याय लागल्यात. कितींदा पोट बिघडलंय म्हणशील?"

"मी तुमच्यासारखी न्हाई."

"न्हाईस? मग सकाळी तिनं इचारलं, आत्या, रश्श्यात चटणी किती घालू? काय म्हणालीस?"

मालनला ते आठवतं. ती म्हणाली होती, तुला जमत असंल तर कर, नसंल तर सांग. आणि सगळ्या जावांदेखत हसली होती. कसं हसली, ते आत्ता तिला आक्कांच्या तोंडावर दिसतं.

"बग," आक्का म्हणतात.

मालनची मूठ पातेल्यावर जाते. आपण नेतोय की आक्का ढकलतायत, तिला कळत नाही. वाफ मनगटाला चटका देते. ओट्याच्या पलीकडं दादा मांडी घालून बसलेत, वाटी पुढं करून. नीट बघावं तर ते दादा नाहीत. निकिताचे वडील आहेत, जाड भिंगांचा चष्मा, खिशाला पेन. लेकीकडं बघून हसावं तसे हसतायत, आणि पेल्यातलं पाणी त्यांनी हाताशी घेऊन ठेवलंय.

"टाक."

"तू जा," मालन म्हणते. आक्कांना तिनं जन्मात कधी एकेरी हाक मारलेली नाही. "आधी तू इथनं जा. माझ्या बापाला रडवलंस. आता हितं खायाला मागाय आलीस व्हय? तुला ह्या घरात ताट न्हाई."

आक्कांचा चेहरा बदलतो. पांढरे दात एकेक करून नाहीसे होतात, गाल आत जातात, आणि उरते ती शेवटच्या महिन्यांतली म्हातारी, जिला मालन पेजेचे चमचे पाजायची. "भूक लागलीया गं," ती म्हणते. "तिकडं कुणी वाढत न्हाई."

मालनला दया येत नाही. यायला हवी, असं मात्र वाटतं. ती मूठ पोटाशी घट्ट आवळून धरते. आक्का दोन्ही हातांनी ती उघडायला बघतात, एका बोटानंतर दुसरं, नखं रुतवून. मालन दात आवळते आणि बोटं सोडत नाही. पातेलं उतू जायला लागतं. कुणीतरी हाक मारतंय, खूप वेळापासून मारतंय.

"आत्या! ओ आत्या!"

मालन डोळे उघडते. निकिता दारात उभी आहे, हातात पळी, कपाळाला घाम. उन्हं कलून खोलीत आलीयत. सोप्यात कुणीतरी खाकरतंय. "आत्या, बरं वाटतंय काय आता? आई-बाबा गडहिंग्लजात पोचले, फोन आला. जरा येऊन चाखून बघता काय? मला भ्या वाटाय लागलंय."

"आले. तू हो म्होरं."

निकिता जाते. मालन उठून बसते. उजवा हात अजून मिटलेलाच आहे, आणि आत झोंबतंय. ती बोटं सोडवते. तळहातावर नखांच्या चार खुणा उमटल्यायत, एकीतून थोडं रक्त आलंय, आणि त्या खुणांत, हाताच्या घडीत, जाड्या मिठाचे खडे आहेत. ओले. आक्का गेल्यापासून या घरात जाडं मीठ आलेलं नाही. पुडीतलं बारीक मीठ वापरतात. ती अंथरूण झटकून बघते, उशी उचलून बघते. कुठं काही नाही. जे आहे ते हातातच आहे.

मागच्या दारी मोरीवर ती हात धुते. दोनदा धुते. खडे विरघळतात, पण नखाच्या खुणेत शिरलेला एक तसाच राहतो, आणि तो झोंबत राहतो.

स्वयंपाकघरात निकिता पळीत रस्सा घेऊन उभी आहे. मालन डाव्या हाताच्या तळव्यावर दोन थेंब घेते, चाखते. निकिता तिच्या तोंडाकडं बघतेय, पेपर तपासून घ्यायला आलेल्या पोरीसारखी. रस्सा चांगला झालाय. आक्कांसारखा नाही. बापूसाहेबांना चवीतलं काही कळत नाही. जिरं जास्त आहे, मिरजेकडचं काहीतरी आहे. मालनला तो आवडत नाही, आणि तरीही चांगला झालाय.

"मीठ थोडं कमी हाय," ती म्हणते.

"मग घाला की तुम्ही. मला अंदाज न्हाई येत."

निकिता मिठाचा डबा उघडून तिच्यापुढं धरते. मालन उजवा हात पदराखाली घेते.

"नगं," ती म्हणते. "तूच घाल. मी सांगते किती ते. आणि मला एक ताट वाढ आधी, भूक लागलीया."