ब्रेकपुढचं शून्य

मला थोरल्यांची किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी जीभ सुटली तर कुणी नाक मुरडायला नको. थोरले म्हणजे आमच्या लिफ्टच्या कंपनीतले सॉफ्टवेअरचे साहेब. पण गोष्ट त्यांची नाही, आक्काची आहे.

आक्का माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. केस पिकलेत, चष्मा कायम डोक्यावर आणि शोधाशोध टेबलाखाली. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आणि तोंड फुगवून बसणारी मुलगी. दोघांचं उरकून येते आणि वर आम्हालाच विचारते, जेवलात का. तिचं काम कर्नलचं, म्हणजे लिफ्टच्या मेंदूतल्या सगळ्यात आतल्या प्रोग्रामचं. लिफ्टमध्ये काय काय घडलं ते कर्नल छापून ठेवतो. छापायची ओळ आम्ही लिहायची, आणि तिच्यात जिथे आकडा यायचा तिथे टक्क्याचं चिन्ह आणि एक खूण टाकायची. आकडा केवढा आहे ते त्या खुणेवरून कळतं. या खुणा जगभर ठरलेल्या आहेत. पण आमचं छापायचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, थोरल्यांनी तरुणपणी स्वतः लिहिलेलं, त्याला त्यातल्या चारदोनच कळतात. मोठ्या आकड्याची खूण दिसली की ते अर्धाच आकडा छापतं आणि उरलेला अर्धा पुढच्या जागेत ढकलतं.

आक्का वर्षानुवर्षं मागे लागली होती, बाकीच्या खुणाही घालू द्या. थोरले नुसते हसायचे. फंक्शनला हात लावू द्या म्हणणं म्हणजे जणू त्यांच्या मुलीला मागणी घालणं.

मग एका इमारतीतली लिफ्ट घसरली आणि एका आजोबांचा पाय मोडला. नोंद काढली तर वेळेच्या पुढे, ब्रेकच्या जागी शून्य. शून्य म्हणजे ब्रेक कुणीतरी हाताने सोडून ठेवलेला. आदल्या दिवशी तिथे काम करून गेलेला मेकॅनिक जीव तोडून सांगत होता की ब्रेक मी लावला होता. ऐकतो कोण? त्याला कामावरून काढायचं जवळजवळ ठरलंच होतं.

आक्काने ती ओळ पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. ओळ तिनेच लिहिली होती. वेळेचा आकडा मोठा, म्हणून सवयीने मोठ्या आकड्याची जगभर चालणारी खूण टाकलेली. फंक्शनने अर्धी वेळ छापली, आणि उरलेला डावीकडचा अर्धा, जिथे नुसती शून्यंच होती, तो ब्रेकच्या जागी येऊन बसला. ब्रेकची खरी स्थिती छापलीच गेली नव्हती. तिने ती यंत्राच्या मेमरीतून काढली. ब्रेक लावलेला होता; मग उघडून पाहिला तर त्याची घासणारी पट्टीच खराब निघाली.

थोरल्यांना दाखवलं तर ते चहा ढवळत राहिले.

"फंक्शनमध्ये काही चूक नाही. आपल्याकडे ती खूण चालत नाही, तुम्ही वापरलीत. चौकशीत तसं सांगणार असाल, तर हा पुरावा पुढे पाठवतो."

शी! माणूस आहे की कोण? आक्काची बढती तोंडावर आली होती, हे त्यांनाही माहीत होतं. ती चौकशीत उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझी. मेकॅनिक सुटला, बढती गेली, आणि थोरल्यांनी फर्मान काढलं की ती खूण यापुढे कुणी वापरू नये. फंक्शन आहे तसंच.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक आमच्या मजल्यावर आला. मला वाटलं, आक्काचे आभार मानायला. त्याने आधी थोरल्यांचे हात हातात घेतले. साहेबांमुळे वाचलो म्हणाला. थोरल्यांनी ते गोड मानून घेतलं. मग तो आमच्या टेबलाशी आला.

"त्या तुम्हीच ना? माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढत होतात."

मी उठले, सगळं ओकून टाकणार होते. आक्काने टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं.

"हो," ती म्हणाली, "मीच."

तो तोंड फिरवून गेला. मी तिच्यावर खेकसले, तर म्हणाली, त्याला अजून याच लोकांच्या मर्जीवर नोकरी करायची आहे. मग तिने चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला आणि त्या ओळीतला वेळेचा आकडा हाताने तोडून, दोन लहान तुकड्यांत छापायला बसली. थोरल्यांच्या फंक्शनला समजेल असा.