मध्यम मुलीची जोड

तारीख अठ्ठावीस मे एकोणीसशे बत्तीस, वार शनिवार. जागा रत्नागिरी, आमची ओटी. हजर: मी; माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात; आमचे शेजारी, हायस्कुलातले गणिताचे मास्तर; माझं कुटुंब, माजघराच्या दारात; आणि आमची थोरली मुलगी, सूप पुढे घेऊन फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली. निकाल हजर नव्हता. तो जूनमध्ये लागायचा होता.

विषय एकच होता. मुलीने मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि तिला मुंबईच्या कॉलेजात जागा मिळेल की नाही, हे आम्हाला निकालाच्या आधी ठरवायचं होतं.

बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल. आधी निकाल लागू द्यावा, मग जागेचं बघावं, असंच कुणीही म्हणेल. पण आमच्याकडे मे महिना सरला की बोट बंद होते आणि ती पावसाळा संपेपर्यंत सुरू होत नाही. मी बंदरावर बोटीच्या एजंटाच्या कचेरीत कारकून आहे, तेव्हाही होतो, त्यामुळे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. शेवटची बोट सोमवारी होती. त्यानंतर मुंबईला जायचं तर मोटारीने आंबा घाट चढून कोल्हापूर आणि तिथून आगगाडी. दरड कोसळली तर घाटातच मुक्काम. शिवाय तरणी मुलगी एकटी पाठवता येत नाही.

मुलीचा मामा गिरगावात राहायचा. त्याने चौकशी करून कळवलं होतं की मुलींच्या जागा थोड्या असतात, निकाल लागला की दोनचार दिवसांत भरतात, आणि मुलगी समोर असली तर बोलता तरी येतं. म्हणजे सोमवारी निघाली तर काही आशा, राहिली तर जवळजवळ नाही.

दुसरी बाजूही होती. हेदवीचं एक चांगलं स्थळ दादांनी आणलं होतं. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा पोस्टात. त्यांना पावसाआधी होकार हवा होता. मुलगी मुंबईला गेली की ते दुसरीकडे बघणार, हे त्यांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. आणि तिकडे जागा मिळाली नाही तर ती मामाच्या दोन खोल्यांत बोट सुरू होईपर्यंत अडकणार, आणि परत येईल तेव्हा हातात ना कॉलेज ना स्थळ.

मला कामं मांडून घ्यायची सवय आहे. मी बैठकीपूर्वी कागदावर तीन कॉलेजं लिहिली होती. पहिलं मुंबईचं सरकारी कॉलेज. दुसरं मुंबईचंच, पण खाजगी, मामाच्या घरापासून पायी जाण्यासारखं. तिसरं कोल्हापूरचं, संस्थानचं. सरकारी कॉलेजवर मास्तरांनी बोट आडवं फिरवलं; तिथे हिचे गुण पोचणार नव्हते. कोल्हापूरला आधी संस्थानच्या प्रजेची मुलं घेतील, मग उरलं तर आपल्याला, आणि तिथे आमचं राहण्याजोगं एकही घर नाही. राहिलं मधलं.

आता जोड लावायची होती. आमच्या आळीची ही रीत जुनी आहे. दर मे महिन्यात परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाची मागच्या एखाद्या मुलाशी जोड लावतात. याला शाळेच्या चाचणीत त्याच्याइतकेच गुण, तो अमक्या कॉलेजात गेला, तर हाही जाईल. मास्तरांना पंधरा-वीस वर्षांची मुलं तोंडपाठ. ही रीत बहुधा खरी ठरते, म्हणून शेवटच्या बोटीत कुणी बसायचं ते ओट्यांवरच ठरतं आणि बंदरावर माझ्याकडे नुसती तिकिटं काढायला येतात.

"गणितात पास होईल," मास्तर म्हणाले. "काठाला लागेल, पण आत लागेल. संस्कृत चांगलं."

"आणि इंग्रजी?" मी विचारलं.

"बरं आहे. बरं म्हणजे बरंच. चांगलं असं मी म्हणणार नाही."

"एकूण?"

"मध्यम," मास्तर म्हणाले. मुलीकडे बघून त्यांनी जोडलं, "रागावू नको हो."

"रागावत नाही. खरं तेच सांगताय," ती म्हणाली आणि आठळी सुपात टाकली.

मास्तरांनी जोड शोधली. खालच्या आळीतल्या दुकानदाराचा मुलगा, तीन वर्षांपूर्वीचा. गणित काठावर, बाकी हिच्याचसारखं. तो खाजगी कॉलेजात गेला होता. माझा जीव थोडा भांड्यात पडला. मी कागदावर त्याच्यापुढे खूण करणार, तेवढ्यात मुलगी बोलली.

"तो चाळीत सहा जणांच्या खोलीत राहिला नि खानावळीत जेवला. त्याला कॉलेजाने नुसती बाकावर बसायला जागा दिली. मला ते तशी बाकावरची जागा देतील का? मुलींच्या जागा निराळ्या असतात ना?"

"असतात," मास्तर म्हणाले.

"मग मुलीची जोड लावा."

मास्तरांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, आपल्या शाळेतून मॅट्रिक होऊन मुंबईला गेलेल्या मुली दोनच. एक डॉक्टरांची, एक वकिलांची. दोघी शाळेत पहिल्या आलेल्या, आणि एकीला तर बक्षीसही मिळालेलं. त्यांना जागा मिळाली यावरून हिला मिळेल असं म्हणता येत नाही. मिळणार नाही असंही म्हणता येत नाही.

"मध्यम मुलगी आजवर कुणी पाठवलीच नाही," मास्तर म्हणाले. "त्यामुळे मला सांगता येत नाही."

इतका वेळ दादा सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "हे बघ, तुझी लेक हुशार असती तर मी स्वतः तिला हाताला धरून बोटीत बसवलं असतं. ढ असती तरी प्रश्न नव्हता."

"मग मधल्यांनी काय करायचं, दादाकाका?" मुलीने विचारलं.

"मधल्यांनी लग्न करायचं!"

मास्तर हसले. मीही हसलो. माझं कुटुंब हसलं नाही. ते दारातूनच म्हणालं, "भावोजी, तुमचे दोन मुलगे मॅट्रिकला मधलेच होते. त्यांचं आधी लग्न लावलंत की आधी मुंबई?"

दादांनी अडकित्ता पुन्हा उचलला. "अगो, ते मुलगे."

"तेच म्हणत्ये मी."

पुढे बोलणं तिथेच फिरत राहिलं. मी कागदावर दोन रकाने पाडले, जाण्याचे फायदे आणि राहण्याचे फायदे. दोन्ही भरले, पण एकाही ओळीने दुसरी खोडली जाईना. बंदरावर पडावात, म्हणजे बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत, किती माणसं घालायची ते मी नुसत्या नजरेने सांगतो, आजवर चुकलो नाही. इथे समोर एकच माणूस होतं, सोळा वर्षं रोज बघितलेलं, आणि मला काही सांगता येत नव्हतं.

शेवटी मुलगीच म्हणाली, "अप्पा, मला जाऊन विचारायचंय. नाही म्हणाले तर नाही. पण त्यांनी म्हणू दे. आपण इथे बसून त्यांच्या वतीने नाही कशाला म्हणायचं?"

मी दादांकडे बघितलं. त्यांनी अडकित्ता मिटून ठेवला. मग उठताना म्हणाले, "हेदवीला मी चार दिवस थांबायला सांगतो. पुढचं तू बघ. आणि काय गो, तिकडे गेल्यावर निदान इंग्रजी तरी 'चांगलं' कर."

एकदा ठरल्यावर मला सोपं गेलं. रविवारी मी बांधाबांध केली. पत्र्याची पेटी, वळकटी, मामीसाठी आमसुलं आणि फणसपोळी, वाटेत खायला दशम्या, बोट लागली तर चोखायला लिंबू. सोबतीला राजिवड्याचे एक व्यापारी बायको आणि आईसह चालले होते, त्यांना सांगून ठेवलं. त्यांची आई म्हणाली, "माझ्या बाजूला बसव. माझी नातच समज." बांधाबांधीच्या कागदावरच्या सगळ्या ओळींवर संध्याकाळपर्यंत रेघ ओढून झाली.

सोमवारी पहाटे वारा फिरला.

आमच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नाही. ती बाहेर समुद्रात उभी राहते आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत नेतात. सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हाच लाटा वाळूवर वरपर्यंत येत होत्या. पडाव हाकणाऱ्या तांडेलाने हात पाठीमागे बांधलेले होते. हा माणूस काम असलं की हात कधी मागे बांधत नाही.

"काय म्हणतोस?" मी विचारलं.

"बोट येऊ दे. बघू," तो म्हणाला. माझ्या मुलीकडे त्याने बघितलं नाही.

सगळी मंडळी सामानासह बसून होती. त्यांतले कितीतरी जण कॉलेजला जाणारे मुलगे. माझं कुटुंब मुलीच्या पेटीवर बसलं होतं, दादाही आले होते. दुपारी दीपगृहाच्या पलीकडे धूर दिसला आणि सगळे उभे राहिले. बोट आली, बाहेर थांबली, तिने शिटी दिली. तांडेलाने दोन खलाशी घेऊन रिकामा पडाव पाण्यात घातला. तो लाटांपर्यंत गेला, वर उचलला गेला, आडवा झाला आणि कसाबसा परत वाळूवर आला. तांडेल कंबरेपर्यंत भिजून माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने फक्त मान हलवली.

"पुन्हा एकदा बघायचं?" हे मी कारकून म्हणून विचारलं नाही.

"बाय मानसं घालून?" तो म्हणाला. "तुमची लेक आत बसव म्हणालात तर माझीही बसवीन. मग घालतो."

पडाव वर ओढा, मी म्हटलं. बोटीने आणखी एक शिटी दिली, वाट पाहिली आणि ती मुंबईच्या दिशेने निघाली. एजंट कचेरीतून बाहेर आले आणि मला फळ्याकडे खूण केली. दरवर्षी शेवटच्या बोटीनंतर फळ्यावर 'बोट बंद' लिहायचं काम माझंच असतं. मी ते लिहिलं. मग तिकिटं परत घ्यायला बसलो. रांग लागली. माझी मुलगी रांगेत मधेच घुसली नाही. तिची पाळी आली तेव्हा तिने तिकीट पुढे केलं आणि म्हणाली, "अप्पा, हे घ्या."

निकाल जूनमध्ये लागला. मामाची तार आली, पास. पुढे गुण कळले. गणित काठावर, पण आत. संस्कृत चांगलं. इंग्रजी बरं. मास्तरांचा अंदाज अगदी बरोबर निघाला.

मी मामाला लिहिलं होतं की तू जाऊन तिच्या वतीने विचार. तो गेला, रांगेत उभा राहिला. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "मुलगी कुठे आहे?" रत्नागिरीला म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ती आल्यावर या," आणि पुढच्याला बोलावलं. गुण त्यांनी विचारलेच नाहीत. त्याच आठवड्यात घाटात दरड आली. मी मुलीला घेऊन निघायच्या तयारीत होतो, मोटारवाल्याने जागेचे पैसे परत केले. रस्ता मोकळा झाल्याचं कळलं तोवर मामाचं दुसरं कार्ड आलं होतं, की जागा भरल्या.

त्या वर्षीचे मुलगे मात्र घाटाने, मालट्रकाने, कुणी साखरप्यापर्यंत पायी, असे जमेल तसे पोचले. मुलग्यांच्या जागा अजून होत्या.

हेदवीची माणसं भली. ती थांबली होती. मार्गशीर्षात लग्न झालं. मुलगी तिथे सुखात आहे, असं ती सांगते आणि मला ते खोटं वाटत नाही. गावातल्या बायकांना ती दुपारी लिहायला-वाचायला शिकवते. एकदाच, पहिल्या बाळंतपणाला आली असताना, तिने विचारलं होतं, "अप्पा, मिळाली असती का हो?" मी म्हटलं, कळत नाही. ती म्हणाली, "मलाही," आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

याला आता सात वर्षं झाली. मी मधे दोनदा मुंबईला गेलो. पहिल्या खेपेला कॉलेजच्या खिडकीवर जाऊन विचारलं की त्या वर्षी इतक्या गुणांची मुलगी आली असती तर घेतली असती का. तिथला माणूस नवा होता. तो म्हणाला, त्या वर्षीचं आता काय सांगणार, आणि सगळं मुलगी कोण, कधी आली, त्यावर असतं. दुसऱ्या खेपेला मी त्या खिडकीवर गेलोच नाही.

काल संध्याकाळी मास्तर ओटीवर आले. ते आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या धाकट्या मुलीने यंदा मॅट्रिक दिली आहे. शाळेच्या चाचणीतले तिचे गुण त्यांनी माझ्यासमोर ठेवले. मी वाचले आणि परत त्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्या मुलीची जोड आहे," ते म्हणाले. "गणितसुद्धा काठावरच. आता सांगा, पाठवू का?"

माझी मुलगी दोन लेकरं घेऊन माहेरी आली आहे. ती आतून म्हणाली, "मास्तर, माझी जोड लावू नका. मी गेलेच नाही."

मास्तरांनी गुणांचा कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना म्हणाले, उद्या संध्याकाळी येतो, तुम्ही काय ते विचार करून ठेवा. शेवटची बोट परवा आहे. आज उठल्यापासून वारा बघून झाला, तांडेलाला गाठून झालं, सोबतीला एक कुटुंबही मिळालं, प्रवाशांच्या यादीत मास्तरांच्या मुलीपुरती एक जागा मोकळी ठेवली आहे. मास्तरांना काय सांगायचं, ते तेवढं अजून राहिलं आहे.