अर्धा इंच खाली

कोटाचं माप द्यायला मला बाबांबरोबर जायचं नव्हतं. पण कापड त्यांनी घेतलेलं, नोकरीही त्यांच्याच ऑफिसात, फोर्टातल्या गोऱ्या साहेबाच्या कंपनीत. नाही म्हणतो कसा? साहेबाची एकच अट होती, मोर्चेवाला पोरगा नको. आणि मी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात खांद्यावर लाठी खाऊन आलेलो! घरी थाप मारली होती की शिवाजी पार्कवर कॅच घेताना पडलो, मुका मार आहे. हाड जुळलं, पण वाकडं. बाबा उभ्या जन्मात खोटं बोलले नव्हते. खरं कळलं असतं तर त्यांनी मला साहेबापुढे उभंच केलं नसतं.

भोईवाड्यातले आमचे शिंपी, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते माप घेताना आकडे मोठ्याने सांगायचे आणि गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या माणसाने ते वहीत लिहायचे, अशी त्यांच्या दुकानाची रीत. म्हणजे लिहिणार बाबा. झालं! मी छाती फुगवून, उजवा खांदा उचलून उभा राहिलो.

“श्वास सोड रे. कोट तुझ्यासाठी शिवायचाय, हवेसाठी नाही,” मास्तर म्हणाले. “छाती चौतीस. बाही साडेतेवीस.” मग त्यांची बोटं उजव्या खांद्यावर, हाडाच्या गाठीपाशी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोर्चे आणि लाठीमार दारातच पाहणाऱ्या भोईवाड्यातल्या माणसाला लाठीची खूण काय सांगायची!

“खांदे सारखे,” मास्तर मोठ्याने म्हणाले.

बाबांची मान वहीतून वर आली नाही. मास्तर म्हणजे देवमाणूस, मी मनात म्हटलं.

कोट असा बसला की आरशात मीच मला ओळखेना. उजव्या खांद्यात थोडा जास्तीचा कापूस होता. साहेबाने मोर्च्यांचं विचारलं तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, “माझा मुलगा असल्या भानगडीत नसतो, सर.” नोकरी लागली. पण त्या वाक्याची मला फार लाज वाटायची. भल्या माणसाकडून, त्याच्या नकळत, मी खोटं बोलवून घेतलं होतं.

चार वर्षांनी लग्नाचा कोट शिवायला त्याच मास्तरांकडे गेलो. बाबा आदल्या वर्षीच गेले होते. मास्तरांनी जुनी वही काढली आणि माझं पान उघडून पुढे सरकवलं.

“हे वाच. मी तर सारखे म्हणालो होतो.”

बाबांचं ते वळणदार कारकुनी अक्षर. ‘खांदे सारखे’ असं तिथे नव्हतंच. लिहिलं होतं, ‘उजवा खांदा अर्धा इंच खाली. कापूस भरावा. मुलाला विचारू नये.’

मला तिथेच रडू कोसळलं.

म्हणजे साहेबापुढे बाबा जाणूनबुजून खोटं बोलले होते, जन्मात एकदाच, माझ्यापायी. आणि मी गाढव, पुढची तीन वर्षं घरात त्यांच्यासमोर खांदा उचलून चालत राहिलो.