नेरेओची पपई

आमच्या डोंगरात खेचरं हाकणारे पुष्कळ, पण शिखरावरच्या सूर्योदयाचं वर्णन करावं ते नेरेओनेच. "आधी आभाळ पिकल्या पपईसारखं होतं..." असं त्याने सुरू केलं की डॉमिनो खेळणारे आपली पाळी विसरायचे. पाठीवर बोचकी घेऊन आलेले पर्यटक शिखरावर मुक्काम करून, पहाटे सूर्य बघून तंबूत परतले की हा तोंडातला चिरूट न काढता म्हणायचा, "बरा होता. मागच्या खेपेचा भारी होता."

खरी गोष्ट अशी, की नेरेओने तो सूर्योदय कधी पाहिलाच नव्हता. मी वाटाड्या, कायम त्याच्या सोबत, म्हणून मला ठाऊक. पहाटेची कॉफी त्याच्याकडे. करणाऱ्याने आधी स्वतः चाखायची, नाहीतर ती कॉफी कसली! आणि गरम कॉफीवर गार वारा लागला की तोंड वाकडं होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे जग सूर्य बघायचं तेव्हा नेरेओ तंबूत, डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेला असायचा.

यंदा त्याची बायको फिदेलिना हटून बसली. "गुडघे चालतायत तोवर मला वर ने. जन्मभर तुझी पपई ऐकली, आता बघू दे." आली बाई खेचरावर बसून. शेवटचा खडा चढ माझ्या खांद्याला लोंबकळून चढली, वर मलाच दम देत होती, "हळू रे मेल्या, कुठे आग लागलीय?"

रात्री शिखरावर वारा असा सुटला की राजधानीतून, सांतो दोमिंगोहून आलेली पर्यटक पोरं एकमेकांच्या अंगावर पडून झोपली. नेरेओला झोप नव्हती.

"बाहेर गेलो तर तोंड जाईल, नाही गेलो तर अब्रू," तो माझ्या कानाशी लागला.

"मग उद्या कॉफी पिऊ नकोस."

मी त्याला नागडं फिरायला सांगितलं असावं, असं त्याने माझ्याकडे बघितलं.

पहाटे कापडी गाळण्यातून कॉफी उतरली, वास सुटला आणि याचा हात आपसूक तोंडाकडे गेला. घोट गेला पोटात. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "म्हाताऱ्या, ये लवकर! उजाडतंय!"

याने टॉवेल गुंडाळला. फिदेलिनाने तंबूत डोकं घातलं. कप पाहिला, टॉवेल पाहिला.

"प्यायलास?"

"एकच घोट."

"दर वेळी पितोस?"

नेरेओने टॉवेलची गाठ आणखी आवळली.

"म्हणजे इतकी वर्षं ती पपई..."

आता किटली याच्या डोक्यात बसणार म्हणून मी बाजूला सरकलो. फिदेलिनाने कप भरला, वाफाळती कॉफी घटाघट प्यायली आणि तोंड पुसलं.

"चल. तोंडं वाकडी झाली तर दोघांची होतील."

दोघं जबडे हातांनी धरून बाहेर गेले. मी मागोमाग. ढगांतून सूर्य वर आला आणि दोघं जबडे धरूनच बघत राहिले.

"काका, मागच्या खेपेचा भारी होता ना?" चढताना याच्या बढाया ऐकलेल्या एका पोराने विचारलं.

नेरेओने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ओठ एका बाजूला थरथरायला लागले. फिदेलिनाने घाबरून त्याची हनुवटी पकडली.

"झालं! वाकडं झालं!"

"नाही गं," तो म्हणाला, "रडतोय."

"मग नीट रड की. जीव गेला ना माझा!"